घाटावरचा मासा, घाटाखालचा मासा

बुलढाण्यापासून समुद्र साडेतीनशे किलोमीटरहून लांब. तरीही दूरच्या प्रवाळबेटांवरच्या माशांची कुळकथा समजून घ्यायला आपला जिल्हा फार सोयीचा आहे.

पावसाळ्यात राजूर घाटाच्या माथ्यावर उभे राहा. एकाच ढगातून दोन थेंब पडतात, हातभर अंतरावर. उत्तरेकडे घरंगळलेला थेंब नळगंगेच्या किंवा विश्वगंगेच्या वाटेने पूर्णेत जातो, तिथून चांगदेवजवळ तापीत आणि सुरतेच्या पुढे अरबी समुद्रात. दक्षिणेकडे कललेला थेंब पैनगंगेला मिळतो. मग वर्धा, प्राणहिता, गोदावरी आणि शेवटी बंगालचा उपसागर. हातभर अंतरावर पडलेले थेंब देशाच्या दोन टोकांना पोचतात.

आता थेंबाच्या जागी मासा ठेवा. नळगंगेतल्या माशाला पैनगंगेतल्या भाऊबंदाला भेटायचं झालं तर गाडीरस्ता तासाभराचा. पण मासा घाट चढत नाही. त्याला पाण्यातूनच जायचं तर तापीने समुद्र गाठायचा, कन्याकुमारीला वळसा घालायचा, आंध्रच्या किनाऱ्याने वर यायचं आणि गोदावरीत शिरून शेकडो किलोमीटर उलट पोहायचं. वाटेतलं खारं पाणी गोड्या पाण्याच्या बहुतेक माशांना मानवतच नाही. म्हणजे भेट होणे नाही.

आपण बुलढाणेकर माणसाची ओळख करून देताना सहज म्हणतो, हे घाटावरचे, ते घाटाखालचे. माशांच्या बाबतीत ही ओळख त्याहून कितीतरी पक्की आहे. त्यांच्यासाठी अजिंठ्याची डोंगररांग हाच समुद्र, आणि प्रत्येक नदीखोरं हे एकेक बेट.

दोन पूर्णा, दोन समुद्र

जिल्ह्यात पूर्णा एक नाही, दोन आहेत. घाटाखालची पूर्णा सातपुड्यातून येते, नांदुरा आणि जळगाव जामोदच्या मधून वाहते आणि तापीला मिळते. घाटावरची पूर्णा ती आपली खडकपूर्णा. देऊळगाव राजा तालुक्यात तिच्यावर धरण आहे, त्या जलाशयाला संत चोखामेळा सागर म्हणतात. ही पूर्णा परभणीकडे उतरून गोदावरीत विसावते. नाव एकच, जिल्हा एकच, पण एकीचं पाणी पश्चिमेला आणि दुसरीचं पूर्वेला. मुलांना भूगोल शिकवताना यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

वाघाला जमलं, माशाला नाही

जून २०१९ मध्ये टिपेश्वरच्या जंगलातून एक तरुण वाघ निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याची प्रत्येक वाट कळत गेली. शेतं, रस्ते, नद्या, गावांच्या कडा ओलांडत तो आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन राहिला. मार्च २०२० पर्यंत त्याची चाल सुमारे ३,००० किलोमीटर भरली. जगभर तो ‘वॉकर’ या नावाने गाजला. त्याच ज्ञानगंगेच्या डोंगरातला एखादा बोटभर मासा मात्र शेजारचा उतार कधी बघणार नाही. अंतर किलोमीटरमध्ये मोजायची सवय माणसाची. प्राण्यासाठी अंतर म्हणजे मध्ये काय आहे, ते.

समुद्रातला घाट

प्रवाळ खडकांवरचे मासे याच अडचणीत असतात, फक्त उलट बाजूने. पाणी भरपूर, पण ते नुसतं खोल, काळं, आसरा नसलेलं. मोठा झालेला विदूषक मासा आयुष्यभर एखाद्या समुद्रफुलाच्या आसपास राहतो. त्याला लागतो उथळ, उजेड पोचणारा खडक. दोन खडकांमधला खोल समुद्र त्याला आपल्या राजूर घाटासारखाच.

असा एक खडक महाराष्ट्राच्या समोरच आहे. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर पश्चिमेला पाण्याखाली बुडालेलं पठार आहे, त्याचं नाव आंग्रिया बँक. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून. त्याचा माथाही पृष्ठभागाखाली वीसेक मीटरवर, म्हणून वरून काहीच दिसत नाही. खाली मात्र प्रवाळ, आणि प्रवाळावर मासे. चहूबाजूंनी खोल पाणी असलेलं हे न दिसणारं बेटच.

जिऱ्याएवढ्या पिल्लांचा प्रवास

मग हे मासे एका बेटावरून दुसऱ्यावर पोचले कसे? उत्तर आपल्या मत्स्यव्यवसायाच्या भाषेतच आहे. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांना आपल्याकडे मत्स्यजिरे म्हणतात, थोडी मोठी झाली की बोटुकली. किती नेमके शब्द आहेत हे! प्रवाळावरच्या बहुतेक माशांचं हे जिरं जन्मल्यावर उघड्या समुद्रात वाहत जातं. आई-बाप जागचे हलत नाहीत, प्रवास करतं ते बाळ. विदूषक माशाचं बाळ दहा-बारा दिवस वाहतं, फुलपाखरू माशाचं महिन्याहून जास्त. तेवढ्या दिवसांत खडक सापडला तर जगलं, नाहीतर संपलं.

बरीच वर्षं शास्त्रज्ञांची समजूत होती की ही पिल्लं वाऱ्यावरच्या कापसासारखी, प्रवाह नेईल तिकडे जातात. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लिझार्ड बेटाजवळ जेफ्री जोन्स आणि सहकाऱ्यांनी हे तपासून निकाल प्रसिद्ध केले. माशांच्या कानात एक बारीक खडा असतो. त्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं उमटतात, पण वर्षाला एक नाही, रोज एक. या मंडळींनी सुमारे एक कोटी भ्रूणांच्या कानातल्या खड्यांवर औषधाची खूण केली आणि नंतर पाच हजार पिल्लं पकडून पाहिली. खूण असलेली किती सापडली? पंधरा. ऐकायला हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण एकूण अंड्यांपैकी थोड्याच अंड्यांवर खूण केलेली होती, हे लक्षात घेऊन हिशेब मांडला तर निदान १५ टक्के आणि कदाचित ६० टक्क्यांपर्यंत पिल्लं फिरून आपल्याच बेटावर आलेली होती.

पुढे पापुआ न्यू गिनीच्या किंबे बेटावर हीच गोष्ट आणखी स्पष्ट झाली. तिथे २००७ च्या अभ्यासात विदूषक मासा आणि फुलपाखरू मासा, दोघांचीही सुमारे ६० टक्के पिल्लं जन्मगावीच परतलेली आढळली. एक अकरा दिवस भटकून आलेला, दुसरा अडतीस दिवस. त्यांना वाट कोण दाखवतं? खडकाचा वास ती ओळखतात, आणि खडकाचा आवाजही. प्रवाळावर झिंग्यांचा सतत तडतडाट चालू असतो. रिकाम्या जागी तो आवाज ध्वनिक्षेपकातून ऐकवला तर पिल्लं तिकडे वळतात, हे प्रयोगाने सिद्ध झालंय.

सगळीच घरकोंबडी नसतात म्हणा. आपल्याच अरबी समुद्रात, ओमानच्या किनाऱ्यावर, तिथल्या विदूषक माशाची काही पिल्लं ४०० किलोमीटर लांब जाऊन वसलेली सापडली. कुणाचं पोर कुठलं, हे जनुकांवरून ओळखलं गेलं. भाटाच्या चोपडीत जशी वंशावळ सापडते, तशी ती डीएनएत सापडते.

दोन किलोमीटर म्हणजे परका मुलूख

इंडोनेशियात बांगाई नावाची बेटं आहेत. तिथला बांगाई कार्डिनल मासा दिसायला देखणा, चंदेरी अंगावर काळे पट्टे. या माशाचा बाप अंडी तोंडात धरून उबवतो, आणि पिल्लं बाहेर आली की ती वाहून जात नाहीत, तिथेच राहतात. म्हणजे प्रवास करणारं जिरंच नाही. परिणाम असा की अवघ्या दोन-पाच किलोमीटरवरच्या दोन वस्त्यांची जनुकं वेगळी निघतात. बुलढाणा शहर आणि येळगाव धरण एवढ्या अंतरात दोन वेगळी घराणी!

याच्या अगदी उलट कास्मिरा नावाचा निळ्या पट्ट्यांचा पिवळा मासा. हिंद महासागरापासून मध्य पॅसिफिकपर्यंत, हजारो किलोमीटरच्या पसाऱ्यात, त्याचं जवळजवळ एकच घराणं आहे. फक्त दूरच्या मार्केसास बेटांवरचे कास्मिरा वेगळे. या माशाचं नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे.

लोणारहून लहान घर

लोणारच्या सरोवराचं पाणी साधारण सव्वा किलोमीटर व्यासाचं. आता अटलांटिकच्या मधोमध, ब्राझीलच्या किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटरवर, सेंट पॉल नावाचे काही खडक आहेत. झाड नाही, माती नाही. फेब्रुवारी १८३२ मध्ये डार्विन तिथे उतरला होता. या खडकांभोवतीचा उथळ खडकाळ तळ एक चौरस किलोमीटरही भरत नाही, म्हणजे आपल्या सरोवरापेक्षा कमी. आणि एवढ्याशा जागेत स्वतःची अशी एक माशाची जात आहे, जी जगात दुसरीकडे नाही.

त्याच खडकांच्या पोटात, सुमारे १२० मीटर खोलीवर, गुलाबी-पिवळा एक नवाच मासा सापडला. २०१८ मध्ये त्याला ग्रीक सौंदर्यदेवता ॲफ्रोडायटीचं नाव दिलं गेलं. तो पकडणाऱ्या पाणबुड्यांचे डोळे त्याच्यावर असे खिळले की डोक्यावरून एक भलामोठा शार्क फिरून गेला आणि त्यांना पत्ताच नाही. वर थांबलेल्या सोबत्याच्या चित्रफितीत तो शार्क दिसतो.

दूरच्या बेटांचा एक नियमच दिसतो. मासे कमी, पण आपले. इंडोनेशिया-फिलिपाइन्सच्या परिसरात प्रवाळमाशांच्या दोन हजारांहून जास्त जाती आहेत, आणि तिथून जितकं लांब जावं तितकी संख्या घटत जाते. पण घटताना वेगळेपण वाढतं. हवाई कुठल्याही खंडापासून साडेतीन हजार किलोमीटरहून दूर, तिथल्या सुमारे पाव जाती फक्त तिथल्याच. ईस्टर बेटावर हे प्रमाण पाचव्या हिश्श्याच्या आसपास. आणि हवाई साखळीच्या टोकाच्या कुरे प्रवाळद्वीपाजवळ, नव्वदेक मीटर खोलीवर पाहणी केली तेव्हा दिसलेला प्रत्येक मासा फक्त हवाईतलाच निघाला. शंभरातले शंभर. इतका पूर्ण आकडा निसर्गात क्वचितच सापडतो.

कोळ्यांनी ठेवलेली नावं

माझा सगळ्यात आवडता भाग हा. मासे कुठे सापडतात याची नोंद करणाऱ्यांनी नावं कुठून घेतली?

१७६१ मध्ये डेन्मार्कची एक मोहीम अरबस्तानात निघाली. त्यात पीटर फोर्सकोल हा निसर्गअभ्यासक होता, प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ लिनीयसचा शिष्य. लाल समुद्राच्या प्रवाळावरचे मासे त्याने गोळा केले, आणि त्यांतल्या अनेकांना तिथल्या लोकांचीच अरबी नावं दिली. मासे त्याने वनस्पतींसारखे चपटे करून, वाळवून, कागदावर चिकटवले. ते कागद आजही कोपनहेगनच्या संग्रहालयात आहेत. १७६३ मध्ये येमेनमध्ये हिवतापाने तो गेला. मोहिमेतले एकेक करत सगळे गेले, उरला एकटा कार्स्टेन नीबुर. हा नीबुर त्याच मोहिमेत आला कुठे, तर मुंबईत. इथे राहून त्याने घारापुरीच्या लेण्यांची चित्रं काढली. मायदेशी परतल्यावर १७७५ मध्ये त्याने मित्राचं माशांचं हस्तलिखित छापलं. मघाचा कास्मिरा त्यातलाच. त्याच्या नावाचा काश्मीरशी संबंध नाही, ते लाल समुद्रावरच्या मच्छीमारांचं नाव आहे.

आता आपल्याकडे या. १८२४ पासून कर्नल विल्यम हेन्री साइक्स मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करत होता. गावांच्या गणनेसोबत त्याने नद्यांतले मासेही पाहिले आणि १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवर निबंध प्रसिद्ध केला. नावं विचारली ती इथल्या मासे धरणाऱ्यांना, आणि कानाला जशी लागली तशी लिहिली. म्हणून शास्त्राच्या लॅटिन यादीत आजही आहेत खुद्री, बोग्गट, मुल्या, टाकरी, बालुकी, रोहटी, नुक्ता. जर्मनी किंवा जपानमधला संशोधक दख्खनच्या महासीर माशाचं नाव घेतो तेव्हा त्याच्या तोंडी ‘खुद्री’ येतं. दोनशे वर्षांपूर्वी कुण्या भोयाने नदीकाठी उच्चारलेला शब्द जगभरच्या संग्रहालयांतल्या बाटल्यांवर लिहिलेला आहे. त्या भोयाचं स्वतःचं नाव मात्र कुठेच नोंदलं गेलं नाही, याची मला खंत वाटते.

पाहुणे किती आणले, हे महत्त्वाचं

कास्मिरा हवाईत मुळात नव्हता. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९६१ पर्यंत मासेमारी वाढावी म्हणून मार्केसास आणि सोसायटी बेटांवरून तीन हजारांवर कास्मिरा आणून सोडले. काही दशकांत ते साऱ्या द्वीपमालेत पसरले. जनुकं तपासली तेव्हा दिसलं की विविधता जवळपास जशीच्या तशी टिकली आहे, कारण सुरुवातीचे पाहुणे पुष्कळ होते. मार्केसासकडचा वेगळा वाण त्यांच्यात अजूनही ओळखू येतो.

जनुकीय विविधता म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको. सगळ्या शिवारात एकच वाण पेरला आणि रोग पडला तर सगळं शिवार जातं. चार वाण असले तर दोन तरी तगतात. माशांचं तसंच आहे.

हाच प्रयोग आपल्या धरणांतही झाला. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतले. पूर्वी त्यांचं बीज पुराच्या पाण्यातून गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि अलिकुन्ही यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प माशांना अंडी द्यायला लावली, आणि बोटुकली देशभर पोचायचा रस्ता खुला झाला. म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. निसर्गाने वेगळ्या ठेवलेल्या खोऱ्यांतली, घाटावरची आणि घाटाखालची धरणं आज एकाच प्रकारच्या बोटुकलीने भरतात. भोई बांधवांच्या घरात त्यातून पैसा येतो, हे चांगलंच आहे. पण बीजकेंद्रात मोजक्याच जोड्यांपासून वर्षानुवर्षं बीज घेतलं तर ती एकाच घरातली सोयरीक होते, आणि पिढीगणिक मासा कमकुवत होत जातो. अधूनमधून नदीतले नवे नर-मादी आणणं हाच त्यावरचा उपाय.

थोड्या पाहुण्यांपासून काही बिघडत नाही असंही समजू नये. आपल्या महासागरांतला सिंहमासा बहुधा कुणाच्या तरी काचेच्या टाकीतून अटलांटिकात गेला. १९८५ मध्ये तो फ्लोरिडाजवळ पहिल्यांदा दिसला. मूळ मासे मोजकेच असावेत, जनुकं तेच सांगतात. तरी आज कॅरिबियनभर तो तिथली लहान मासळी फस्त करतोय.

सातपुड्याची पायवाट

जळगाव जामोद, संग्रामपूरच्या उत्तरेला दिसणारा सातपुडा एका मोठ्या वादाचा नायक आहे. हिमालयाच्या आणि सह्याद्रीच्या ओढ्यांत, खळाळत्या पाण्यात दगडाला चिकटून राहणारे मासे कमालीचे सारखे दिसतात. मध्ये दीड-दोन हजार किलोमीटरचं अंतर. मग हे साम्य कसलं? भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे सुंदरलाल होरा यांनी १९४० च्या दशकात उत्तर मांडलं: पूर्वी जास्त पाऊस असताना हे मासे सातपुड्याच्या ओढ्याओढ्यांनी पश्चिमेला सरकत सह्याद्रीत पोचले. म्हणजे आपल्या अंबाबरवाच्या डोंगरांवरून! पुढे डीएनए हाती आला आणि काही कुळांच्या बाबतीत हा रस्ता टिकला नाही. सारखे दिसणारे मासे वेगळ्या घराण्यांचे निघाले, वेगवान पाण्याने दोघांना सारखं घडवलं होतं. तरी होरांचा प्रश्न अस्सल होता, आणि तो विचारताना त्यांनी सातपुड्याकडे माशाच्या नजरेने पाहिलं.

बदकाच्या पोटातून

घाट कधीच ओलांडला जात नाही असं मात्र नाही. २०२० मध्ये हंगेरीतल्या प्रयोगात बदकांना कार्प माशांची अंडी खाऊ घातली. हजारात दोनच अंडी विष्ठेतून अखंड बाहेर पडली, आणि त्यांतल्या काहींतून पिल्लंही निघाली. हजारात दोन म्हणजे कमी वाटतं, पण बदकांची संख्या आणि हजारो वर्षांचा काळ यांनी गुणून पाहा. आपला मरळ तर हवेत श्वास घेतो, ओल्या जमिनीवरून सरपटत जवळचं डबकं गाठतो. आणि उन्हाळ्यात पैनगंगा तुटून डोहाडोहांची होते तेव्हा प्रत्येक डोह चार महिन्यांचं बेट असतो. मृगाचा पहिला लोंढा आला की ही बेटं पुन्हा जोडली जातात.

खाऱ्या पाण्याचं आपलं बेट

लोणार हे या जिल्ह्यातलं सगळ्यात एकाकी पाणी. उल्केने बेसाल्टमध्ये पाडलेलं विवर, त्यात येणारं पाणी बाहेर जात नाही, म्हणून क्षार साचत गेले. ते मूळचं माशांचं घर नव्हे, पण सूक्ष्मजीवांचं प्रवाळद्वीपच. जून २०२० मध्ये पाणी एकाएकी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यात मीठप्रिय आर्किया नावाचे सूक्ष्मजीव सापडले. पाऊस आल्यावर तो रंग विरला. त्याच वर्षी सरोवर रामसर यादीत गेलं.

वाचकहो, एक काम करा. या पावसाळ्यात पूर्णेवर, पैनगंगेवर किंवा खडकपूर्णेवर मासे धरणारं कुणी जुनंजाणतं भेटलं तर त्यांच्या टोपलीतल्या प्रत्येक माशाचं गावठी नाव विचारा. नाव, नदी, गाव आणि तारीख एका वहीत लिहा, आणि ज्यांनी सांगितलं त्यांचं नावही त्यांना विचारून लिहा. घाटावर त्याला काय म्हणतात आणि घाटाखाली काय, हे दोन रकान्यांत मांडा. आणि घरच्या काचेच्या टाकीतला मासा नकोसा झाला तर तो नदीत सोडू नका.